पेन्सिलीने भरायचा तक्ता

श्रीपतराव हसनाबादकरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती आणि या तेरा वर्षांत त्यांना कोणी कशातले तज्ज्ञ म्हणून बोलावलं नव्हतं. त्यामुळे विद्यापीठाच्या जालना उपकेंद्रातून पत्र आलं तेव्हा त्यांनी पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं. नाव त्यांचंच होतं. राज्यशास्त्राच्या तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या एका जागेसाठी मुलाखती ठेवल्या आहेत, आपण विषयतज्ज्ञ म्हणून उपस्थित राहावे, असा मजकूर होता. खाली संचालक डॉ. भारत मिसाळ यांची सही होती.

"भारत म्हणजे तोच ना, पुस्तकं मागायला यायचा अन् शेंगा खाऊन जायचा?" ताराबाईंनी विचारलं.

"तोच."

"मग जा की. विद्यार्थ्यानं आठवण ठेवलीय."

"मी आता कसला तज्ज्ञ? अभ्यासक्रम बदलला, पुस्तकं बदलली."

"नोकरीत होतात तेव्हाही हेच म्हणायचात," ताराबाई म्हणाल्या आणि त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीच्या गठ्ठ्यात टाकून मोकळ्या झाल्या.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे श्रीपतरावांना ऐकून माहीत होतं. जितके तास शिकवाल तितकं मानधन. उन्हाळ्याची सुट्टी लागली की नेमणूक संपली. जून उजाडला की पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, मग तुम्ही त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर दहा वर्षं उभे असा की काल आलेले असा. श्रीपतराव स्वतः कायम नोकरीतले. आयुष्यात त्यांनी एकच मुलाखत दिली होती आणि तिच्या आठवणीनं आजही त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

आठ दिवस त्यांनी तयारी केली. वीस प्रश्न काढले आणि त्यातले एकोणीस खोडले. एक सोपा वाटला, एक जास्त अवघड वाटला, एक विचारला तर आपणच उत्तर विसरू असं वाटलं. शेवटी एकच राहिला. ठरवलं की तोच सगळ्यांना विचारायचा, म्हणजे कुणावर अन्याय नको.

उपकेंद्र मंठा रस्त्यावर एका भाड्याच्या तीनमजली इमारतीत होतं. खाली सिमेंटचं गोदाम, वर विद्यापीठ. मुलाखतीची खोली दुसऱ्या मजल्यावर. टेबलावर हिरवं कापड, तीन पाण्याच्या बाटल्या, टोक काढलेल्या तीन पेन्सिली आणि एक नवंकोरं खोडरबर. श्रीपतरावांना वाटलं, कच्चं टिपण करायला ठेवल्या असतील. त्यांनी आपल्या वाट्याची पेन्सिल बाजूला सरकवली आणि खिशातून शाईचं पेन काढलं. ते त्यांनी सकाळी मुद्दाम भरून आणलं होतं.

समितीत तिघं होते. एक डॉ. भारत मिसाळ. दुसरे कुलगुरूंचे प्रतिनिधी, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना अडीच वाजता परतूरला अशाच दुसऱ्या मुलाखतींना पोचायचं होतं आणि ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. तिसरे श्रीपतराव. गुण द्यायचे ते फक्त विषयतज्ज्ञानं, पन्नासपैकी, आणि बाकी दोघांनी तक्त्याखाली संमतीच्या सह्या करायच्या, असा नियम होता. तिघांत मिळून तक्ता एकच असे. त्यावर विद्यापीठाचा शिक्का आणि क्रमांक.

मुलाखती सुरू व्हायच्या आधीच हेडक्लार्क बद्रीनाथ तक्ता घेऊन आला.

"साहेब, तुमच्या सह्या आधी घेऊन ठेवतो. मंग निघायच्या गडबडीत राहून जातंय. मागच्या साली राहिल्ती, तिच्यापायी मी बीडपर्यंत गेल्तो."

प्रतिनिधींनी सही केली. भारतनंही केली. कोऱ्या रकान्यांच्या खाली दोन सह्या झाल्या. श्रीपतरावांना ते जरा विचित्र वाटलं, पण सगळीकडं असंच करत असतील, आपल्यालाच माहीत नाही, असं म्हणून ते गप्प बसले. आपल्यालाच माहीत नाही असं समजून गप्प बसणं ही त्यांची जुनी सवय होती.

अकरा जणांना बोलावलं होतं, नऊ आले. चौथ्या क्रमांकावर मीना शेजूळ आत आल्या. चाळिशीच्या, हातात फुगलेली फाईल. तीर्थपुरीहून पहिल्या गाडीनं अंबडला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं जालन्याला, असा त्यांचा रोजचा प्रवास.

"मॅडम आपल्याकडंच आहेत, आठ वर्षांपासून," भारतनं ओळख करून दिली. "गेल्या सालापर्यंत दोन जागा होत्या. यंदा तास कमी झाले, एकच उरली."

श्रीपतरावांनी घसा खाकरून आपला प्रश्न विचारला. ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही तर काय होतं, आणि हे तुम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गाला कसं शिकवाल?

"सभा तहकूब होते सर. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई." मीनाबाई फाईल मांडीवर घट्ट धरून बोलत होत्या. "पुस्तकात हे दोन ओळीत येतं. पोरं पाठ करतेत अन् विसरतेत. म्हणून मी त्यांना आपापल्या गावच्या दोन्ही सभांना पाठवते. पहिल्या सभेत माणसं मोजून आणा म्हणते, दुसऱ्या सभेत ठराव मोजून आणा. सगळ्या गावांतून सारखाच हिशोब येतो. पहिलीला माणसंच न्हाईत, अन् दुसरीला पाच माणसांत बारा ठराव. मंग वर्गात एवढंच विचारते, की सगळे गैरहजर राहिल्यानं कोणाचं बराबर जमलं?"

"आणि विद्यार्थी काय म्हणतात?"

"एक पोरगी म्हणली, मॅडम, माझ्या वडलांचं."

श्रीपतरावांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात पुसलं. पुढे भारतनं सिद्धांतावर दोन प्रश्न विचारले, तिथे मात्र मीनाबाई घसरल्या. एका विचारवंताचा ग्रंथ त्यांनी दुसऱ्याच्या नावावर घातला आणि चूक लक्षात आल्यावर आणखी गडबडल्या. शेवटी प्रतिनिधींनी आपला ठरलेला प्रश्न टाकला.

"यंदा निवड नाही झाली, तर काय कराल?"

"मंग बसचा पास काढणार न्हाई, सर. घरच्यांनी या सालापुरतंच हो म्हणलंय."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. त्या बाहेर गेल्यावर श्रीपतरावांनी थोडा विचार केला आणि तक्त्यावर लिहिलं: ४१. प्रत्येक उमेदवाराचे गुण ते लगेच लिहून टाकत होते. शेवटपर्यंत लक्षात राहील, इतका त्यांचा आपल्या स्मरणशक्तीवर भरवसा नव्हता.

सातवा आला अपूर्व सेवलीकर. सव्वीस वर्षांचा, पुण्याहून एम.ए., नेट झालेला. तो आत आला तसे प्रतिनिधी खुर्चीत सावरून बसले आणि भारतनं त्याला पाणी विचारलं. आधीच्या सहा जणांना कोणी पाणी विचारलं नव्हतं, हे श्रीपतरावांच्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ त्यांनी लावला नाही. मुलगा चांगला बोलला. लोकसहभागावर त्यानं असं काही मांडलं की श्रीपतरावांना ते टिपून घ्यावंसं वाटलं. तहकूब सभेपाशी मात्र तो थांबला.

"ते मला माहीत नाही, सर. बघावं लागेल."

माहीत नाही, असं मुलाखतीत सरळ सांगणारा माणूस श्रीपतरावांना फार आवडला. त्यांनी लिहिलं: ३८.

दीडच्या सुमाराला शेवटचा उमेदवार गेला आणि त्याच्या पाठोपाठ प्रतिनिधीही गेले. त्यांची गाडी खाली चालूच होती. शिपाई नंदाबाई चहा ठेवून गेल्या. भारतनं दार लोटून घेतलं.

"सर, आता जरा जुळवणी करून घेऊ," असं म्हणून त्यानं तक्ता आपल्याकडं ओढला. कपाकडं निघालेला त्याचा हात मध्येच थांबला.

"हे शाईनं भरलंत सर?"

"हो. का, निळी चालत नाही? काळी पाहिजे होती का?"

भारतनं तक्ता खिडकीकडं धरून पाहिला, जसं काही उजेडात शाई पुसट दिसेल. मग दाराबाहेर तोंड काढून बद्रीनाथला हाक मारली.

बद्रीनाथनं तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"सर, या पेन्सिली मी कशाला ठिवल्या होत्या? सकाळी उठून टोकं काढली मी."

"मला वाटलं, टिपणासाठी."

"तक्ता पेन्सिलीनं भरायचा असतो सर. सगळेच तसं करतेत. मंग चर्चा होती, आकडे बराबर बसवतो आपण, अन् वरून शाई फिरवतो मी."

"म्हणजे हे नियमात आहे?"

"नियमात न्हाई. पण बिलकुल असंच असतंय."

श्रीपतरावांना लाज वाटली. आपल्यामुळे कुणाची पंचाईत झाली, ही भावना त्यांच्यात इतर सगळ्या भावनांच्या आधी जागी होत असे. "दुसरा तक्ता घ्या ना मग. मी पुन्हा भरतो," ते म्हणाले.

"दुसरा आहे ठेवलेला," बद्रीनाथ म्हणाला. "पण त्याच्यावर प्रतिनिधी साहेबांची सही कुठून आणू? साहेब आता रामनगरच्या पुढं गेले असतेल. अन् पाचच्या आत हे विद्यापीठाला गेलं पाहिजे, न्हाई तर जागाच जाती."

"व्हाईटनर?" भारतनं विचारलं.

"व्हाईटनर बघितलं की परत पाठवतेत साहेब. मागं अंगावर आलंय."

मग भारत खुर्ची ओढून श्रीपतरावांच्या जवळ बसला. त्याच्या बोलण्यात अजून तो शेंगा खाणारा विद्यार्थी शिल्लक होता.

"सर, तुमच्यापासून काय लपवायचं. अपूर्व हा व्यवस्थापन परिषदेतल्या एका सदस्यांचा भाचा आहे. वरून शब्द आलाय. आपल्या इमारतीची फाईल त्यांच्याकडंच पडून आहे दोन साल. सिमेंटच्या गोदामावर विद्यापीठ चालवून राह्यलो मी सर. खाली ट्रक लागला की वर वर्गात आवाज पोचत न्हाई."

श्रीपतराव मान हलवत होते.

"अन् पोरगं वाईट न्हाई सर. तुम्हीच अडतीस दिलेत. नेट आहे, बोलतं चांगलं. तीन गुणांचा तर प्रश्न आहे. मीनाबाईंचं पुढच्या साली बघू, जागा काय दरसाल निघतेच."

"त्या पुढच्या वर्षी येणार नाहीत, म्हणाल्या."

"सगळेच म्हणतेत सर तसं."

बद्रीनाथ मध्ये बोलला. "एक मार्ग आहे. आकड्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, अन् त्याच्या बाजूला तज्ज्ञांची छोटी सही. खाडाखोडीवर सही असली की विद्यापीठ चालवून घेतंय. एकट्या तुमचीच लागते सर. दोन ठिकाणी केली की झालं."

त्यानं तक्ता श्रीपतरावांच्या समोर ठेवला आणि एक्केचाळीसवर बोट ठेवलं.

श्रीपतरावांनी पेन उचललं. खरं सांगायचं तर त्यांनी पेन्सिलीनं भरलं असतं, तर एव्हाना खोडरबर फिरलं असतं. याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि शंका नाही अशा गोष्टी त्यांच्या मनात फार थोड्या होत्या. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या होत्या. 'सही कुठं करू?' हा त्यांचा प्रश्न स्टाफरूममध्ये इतका ठरलेला होता की सहकारी त्यांच्या माघारी त्यांना त्याच नावानं ओळखायचे. हे त्यांना ठाऊक होतं, आणि वाईट वाटूनही त्यांनी तो प्रश्न बदलला नव्हता.

पण शाईचा आकडा डोळ्यांसमोर होता. तो त्यांच्याच वळणाचा होता. त्याच्यावर रेघ मारली तरी खाली तो वाचता येणार होता, आणि शेजारी त्यांचं नाव असणार होतं.

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"कारणाचा रकाना न्हाई सर," बद्रीनाथ म्हणाला.

"मग वाचणाऱ्याला कसं कळेल, गुण का कमी केले ते?"

"वाचतंय कोण सर?"

श्रीपतरावांना मीनाबाईंच्या वर्गातली पोरं आठवली, पहिल्या सभेत माणसं मोजणारी. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"माझा हात कापतो रे आता, भारत," ते म्हणाले. "खाडाखोड नीट व्हायची नाही."

भारतनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. हात हिरव्या कापडावर पडलेला होता आणि बिलकुल कापत नव्हता. तो बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिला. मग उठून म्हणाला, "ठीक आहे सर. तुम्ही दमला असाल. खाली गाडी सांगतो, घरी सोडील."

इथं एक नमस्कार करून निघायचं, एवढंच राहिलं होतं. पण श्रीपतरावांच्या तोंडून निघून गेलं, "यादी लागू दे. वाचून जातो."

असं का म्हटलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होतं. एका टोकाला मीनाबाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला अपूर्व कानात वायर घालून काही ऐकत होता. बाकीचे निघून गेले होते. निकाल यांच्यातच आहे, हे सगळ्यांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. श्रीपतराव मधल्या जागेत बसले. दाराआडून भारतचा फोनवरचा आवाज येत होता. "हो साहेब... न्हाई साहेब... शाईनं, साहेब. न्हाई, पेन्सिलीनं न्हाई, शाईनं..." त्यानंतर आवाज खाली गेला.

"सर, तुम्ही अजून इथंच?" मीनाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"जरा काम आहे."

"मी चुकले न्हाई का तिथं, ग्रंथाचं नाव? बाहेर आल्यावर लगेच आठवलं."

"तसं माझंही व्हायचं," श्रीपतराव म्हणाले. समितीच्या माणसानं उमेदवाराशी किती बोलावं, हे त्यांना नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून ते समोरच्या भिंतीकडं बघत बोलले.

"आमच्या सासूबाई, गोजरबाई, रोज बोलतेत मला. म्हणतेत, आठ साल झाले परीक्षाच देऊन राह्यलीस, पास कधी होशील? आज निघताना दही ठेवलं हातावर. म्हणल्या, हे शेवटचं दही."

श्रीपतरावांनी विचारलं, "त्या मुलीचे वडील काय करतात? जिनं सांगितलं, माझ्या वडलांचं."

"उपसरपंच होते सर. आता सरपंच झाले." मीनाबाई पहिल्यांदाच नीट हसल्या. "पोरगी आता मला कळवते, आज सभेत किती माणसं होती ते."

साडेचारला बद्रीनाथ बाहेर आला. त्याच्या हातात टाईप केलेला कागद होता आणि ओठांत टाचण्या. त्यानं फलकावरची जुनी क्रीडास्पर्धेची नोटीस काढली, कागद लावला आणि श्रीपतरावांच्या बाजूनं न बघता आत गेला. शिक्का मारलेला मूळ तक्ता विद्यापीठाला गेला होता. इमारतीच्या फाईलचं पुढे काय झालं, हे या गोष्टीत येत नाही.

मीनाबाई फलकापाशी गेल्या. आपलं नाव सापडल्यावरही त्यांनी खालची नावं शेवटपर्यंत वाचली. मग पदराआड सासूबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, लागलं," त्या म्हणाल्या. पलीकडून काही बोलणं झालं. "हो. मार्चपर्यंत. मंग परत."

अपूर्वनंही यादी वाचली. दुसऱ्या जागी आपलं नाव बघून त्याला नवल वाटलं की नाही, हे कळलं नाही. त्यानं कानातली वायर गुंडाळून खिशात ठेवली आणि श्रीपतरावांसमोर येऊन उभा राहिला. श्रीपतराव घाईनं उठले. आता काही ऐकावं लागणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

"सर, ते तहकूब सभेचं कुठं वाचायला मिळेल?"

श्रीपतरावांनी त्याला नियमांच्या पुस्तकाचं नाव सांगितलं, घरी जुनी प्रत आहे म्हणाले, पत्ताही दिला. मुलानं तो फोनमध्ये लिहून घेतला. त्यानं भांडण काढलं असतं तर श्रीपतरावांना बरं वाटलं असतं.

मीनाबाई जिन्यापाशी थांबल्या होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलाखत झाली, यादी लागली, एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं.

"पुढच्या साली पण तुम्हीच येताल ना सर? तुमचा प्रश्न बरा होता."

"बघू," श्रीपतराव म्हणाले. आपल्याला आता कोणी बोलावणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. खाली गाडी नव्हती. ते रिक्षानं घरी आले.

"झालं का नीट?" ताराबाईंनी विचारलं.

"झालं."

"भारत काय म्हणाला?"

"चहा दिला त्यानं."

संध्याकाळी टेबलाशी बसून त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोन नावं लिहिली आणि सकाळच्या उत्तरांचे गुण नव्यानं मांडले. ग्रामसभेचे इतके, सिद्धांताचे इतके, 'माहीत नाही' म्हटल्याचे इतके. मीनाबाईंना चाळीस आले, अपूर्वला एकोणचाळीस. पुन्हा केले तर दोघांना एकोणचाळीस. तिसऱ्यांदा बेरीज करायला त्यांनी आकडे खोडले, आणि खोडताना लक्षात आलं की आपण पेन्सिलीनं लिहितोय. त्यांनी पेन्सिल उलटसुलट करून पाहिली. पिवळ्या पट्ट्यांची, नव्यानं टोक काढलेली. सकाळी बाजूला सरकवलेली उपकेंद्राची पेन्सिल निघताना चुकून पेनाबरोबर खिशात आली होती.

तिसरी बेरीज त्यांनी केली नाही. पेन्सिल सरकारी आहे, ती परत केली पाहिजे, आणि आता तिथं कुठल्या तोंडानं जायचं, याचा विचार करत ते दिवा लागेपर्यंत बसून राहिले.